आयसीयूतून घरी आल्यावर: हातापायांतलं बळ परत कसं आणायचं

रुग्ण वाचला, नळ्या निघाल्या, रिपोर्ट नॉर्मल आले आणि डिस्चार्ज मिळाला. घरी आणून खुर्चीत बसवलं, तर त्या खुर्चीतून माणसाला उठता येत नाही. पाण्याचा पेला तोंडाशी नेताना हात थरथरतो. आंघोळ झाली की दोन तास अंथरुणात. सोलापुरात अशा घरी व्यायाम शिकवायला गेलं की पहिला प्रश्न हमखास येतो, "सगळं नॉर्मल आहे म्हणतात, मग ताकद गेली कुठं?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "ताकदीची एखादी बाटली लावायची का?"

बाटलीचं, म्हणजे सलाईनचं, पुढे बघू. आधी ताकद कुठे गेली ते.

नेमकं काय झालेलं असतं

गंभीर आजारात, विशेषतः रक्तात जंतुसंसर्ग पसरलेला असताना, शरीर स्वतःचेच स्नायू तोडून त्यातली प्रथिनं वापरतं. त्यात माणूस झोपून. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीने मोजणारा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या दहा दिवसांत स्नायूचा आकार सरासरी १७ ते १८ टक्के घटलेला दिसला. एकाहून जास्त अवयव निकामी झालेल्यांत घट याहूनही मोठी होती. स्नायूंबरोबर त्यांना हुकूम देणाऱ्या नसाही दुखावतात. वाढलेली साखर, स्टेरॉईड, लांबलेला व्हेंटिलेटर आणि स्नायू शिथिल करणारी औषधं यांनी धोका वाढतो. ही औषधं दिली म्हणून डॉक्टरांचं चुकलं असा अर्थ कृपया काढू नका. बहुतेक वेळा त्यांच्याशिवाय माणूस हाती लागला नसता.

या अशक्तपणाची एक ठेवण असते. तो दोन्ही बाजूंना जवळपास सारखा असतो. खांदे आणि मांड्या, म्हणजे धडाजवळचे स्नायू, जास्त ढिले पडतात. चेहरा सहसा वाचतो. म्हणून माणूस नीट बोलतो, हसतो, पण डोक्यावरून कंगवा फिरवताना हात खाली येतो. दवाखान्यात याची मोजणी खांदा, कोपर, मनगट, खुबा, गुडघा आणि घोटा अशा सहा ठिकाणी, दोन्ही बाजूंना करतात. प्रत्येक ठिकाणी ० ते ५ गुण, एकूण ६०. बेरीज ४८ च्या खाली असेल तर आयसीयूत आलेला अशक्तपणा धरतात. डिस्चार्जच्या वेळी हा आकडा विचारून कार्डावर लिहून घ्या. महिन्याने तुलना करायला दुसरं काहीच हाताशी नसतं.

एकाच बाजूचा हात-पाय लुळा, तोंड वाकडं किंवा बोलणं अडखळतं असं असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा. ते दुखणं वेगळं.

डिस्चार्जच्या दिवशी, बिलाच्या गडबडीत

त्या दिवशी घरातले सगळे बिल, योजनेची कागदपत्रं आणि गाडी यांत अडकलेले असतात. एका माणसाला फक्त औषधांच्या कार्डावर बसवा. चार गोष्टी विचारायच्या.

झोपेची किंवा बडबड शांत करणारी गोळी आयसीयूत सुरू केली होती का आणि ती कधी बंद करायची? तेव्हा गरजेची असलेली ही गोळी पुढे नुसती चालू राहते आणि माणूस दिवसभर पेंगतो. स्टेरॉईड चालू असेल तर कमी कसं करायचं, तारखांसकट? ते मनाने एकदम थांबवणं धोक्याचं. साखरेची आणि बीपीची औषधं आता किती? वजन उतरलेलं असतं, जेवण अर्ध्यावर आलेलं असतं, स्टेरॉईड कमी होत असतं. जुनाच डोस चालू ठेवला तर साखर घसरते किंवा उभं राहताच चक्कर येते. आणि चौथी गोष्ट, मूत्रपिंड आणि यकृत यांची स्थिती पाहता प्रथिनं किती चालतील? या शेवटच्या उत्तरावर पुढचा सगळा आहार उभा आहे.

हिमोग्लोबिन, पोटॅशियम, फॉस्फरस, थायरॉईड, ड आणि बी-१२ जीवनसत्त्व यांतलं काय तपासलंय, काय राहिलंय तेही विचारा. यांतली कमतरता राहिली तर व्यायामाची मेहनत वाया जाते.

घर आधी तयार करा

आपल्याकडची अडचण ठरलेली. जेवण जमिनीवर, झोप जमिनीवर, संडास भारतीय पद्धतीचा. मांडीत बळ नसलेल्या माणसाला या तिन्ही ठिकाणांहून उठणं सर्वांत कठीण. निदान पहिले दोन महिने कॉट, हात असलेली घट्ट खुर्ची आणि कमोडची खुर्ची लागेल. मेडिकल सामानाच्या दुकानात ती भाड्यानेही मिळू शकते. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची चालणार नाही. उठताना ती मागे सरकते.

बसायची जागा जितकी उंच तितकं उठणं सोपं. घरात सोलापुरी चादरी असतातच. दोन-तीन घट्ट घड्या करून खुर्चीवर ठेवा आणि सरकू नयेत म्हणून पट्ट्याने बांधा. पाय मात्र जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. पुढे बळ येईल तशी एकेक चादर काढायची. जमिनीवर पसरलेली चादर, सतरंजी, पायपुसणी आधी उचला. अशक्त पाय नीट उचलला जात नाही आणि तिथेच अडखळतो. पायात हवाई चप्पल नको, मागून पट्टा असलेली घ्या.

नळाला पाणी येतं त्या दिवशी घरभर बादल्या, पिंपं आणि ओली फरशी असते. त्या तासाभरात रुग्णाला चालवू नका.

पहिला टप्पा: कॉटवर

उठून बसता येत नसेल तर सुरुवात इथून. डॉक्टरांनी हालचालीला परवानगी दिली आहे, ताप नाही आणि बसल्या जागी दम लागत नाही, एवढी खात्री करा.

घोटे वर-खाली करणं. टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवणं. गुडघे वाकवून, पाय टेकवून कंबर थोडी उचलणं. हात डोक्याच्या दिशेने नेणं, जमत नसेल तर दुसऱ्या हाताच्या आधाराने. प्रत्येकाचे पाच ते आठ वेळा, दिवसातून तीन-चारदा. श्वास रोखून कुंथायचं नाही. मोठ्याने आकडे मोजायला सांगितलं की श्वास आपोआप चालू राहतो.

स्वतःला कूस बदलता येत नसेल तर दर दोन तासांनी घरच्यांनी बदलावी. रोज एकदा माकडहाड आणि टाचा उजेडात पाहा. दाबून पांढरी न होणारी लाली दिसली तर तिथला दाब त्याच दिवसापासून काढायचा. पाऊल वर उचलता येत नसेल, बोटं खाली लोंबत असतील, तर फिजिओथेरपिस्टला लगेच दाखवा. आधाराची पट्टी लवकर लावली तर घोटा आखडत नाही.

मग कॉटच्या कडेला बसणं. कुशीवर वळवा, पाय खाली सोडा, हाताने रेटा देत बसवा. दोन मिनिटं तसंच बसू द्या. बरेच दिवस झोपलेल्या माणसाचं बीपी बसल्यावर आणि उभं राहिल्यावर झटकन उतरतं. डोळ्यांपुढे अंधारी आली तर पुन्हा आडवं करा, पाय थोडे वर.

दुसरा टप्पा: बसून उठणं

माझ्या मते या सगळ्यात एकच व्यायाम निवडायचा झाला तर हाच. खुर्चीतून स्वतः उठणारा माणूस संडासला स्वतः जातो, आणि जो स्वतः जातो त्याचं मन निम्मं बरं होतं. म्हणून घाई न करता इथे वेळ द्या.

खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. रुग्णाला सीटच्या पुढच्या कडेपर्यंत सरकवा. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, दोन्हींमध्ये वीतभर अंतर. हात खुर्चीच्या हातांवर. आता अंग पुढे झुकवायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं. बहुतेकांचं इथेच अडतं. पडायच्या भीतीने ते मागे रेलून उठायला बघतात आणि धपकन बसतात. पुढे झुकल्यावर श्वास सोडत उठायचं, उभं राहून तीन आकडे मोजायचे आणि हळूहळू बसायचं. हळू बसण्यातच मांडीला खरं काम पडतं, म्हणून अंग सोडून द्यायचं नाही.

घरच्यांनी उभं राहायचं ते बाजूला, किंचित मागे. काखेत हात घालून उचलू नका, दंडाला धरून ओढू नका. ढिला पडलेला खांदा त्याने दुखावतो आणि मग महिनाभर वेगळंच दुखणं. कमरेला रुंद कापडी पट्टा बांधा आणि आधार तिथे द्या.

पाच वेळा करून बसवा. जमलं तर दिवसात तीनदा. पाच सहज झाले, दुसऱ्या दिवशी दुखलं-थकलं नाही, की आठ करा, मग दहा. त्यानंतर एक चादर कमी करायची आणि पुन्हा पाचपासून. शेवटी हाताचा आधार सोडायचा. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, त्याच खुर्चीवर ३० सेकंदांत किती वेळा उठता आलं ते कॅलेंडरवर लिहा. रोजच्या रोज फरक दिसत नाही, आकड्यात दिसतो. "काहीच सुधारणा नाही" म्हणणाऱ्या आजोबांना तीनाचे सात झालेले दाखवले की वाद संपतो.

तिसरा टप्पा: चालणं

आधी वॉकर घेऊन कॉट ते दार. मग घरातल्या घरात फेऱ्या, मध्ये खुर्ची ठेवून. मग बोळ, मग कोपऱ्यापर्यंत. वेग किती? चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. ० म्हणजे काहीच दमणूक नाही आणि १० म्हणजे जीव जातोय असं धरलं तर ३-४ वर थांबा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कोविडनंतर पुष्कळ घरांत पडून आहे, ते काढा. ऑक्सिजन ९० च्या खाली गेला, नाडीचे ठोके बसलेले असताना होते त्याहून ३० ने वाढले, छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर तिथेच बसवा. जुना दमा किंवा फुप्फुसाचा आजार असेल, किंवा ठोके आवरणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टर वेगळे आकडे देतील, ते पाळा. नखाला मेंदी, नेलपॉलिश किंवा बोट गार असेल तर यंत्र चुकीचं दाखवू शकतं.

सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे चाळिशीच्या पुढचा पारा. त्या दिवसांत चालणं सकाळी सातच्या आत, नाहीतर घरातच. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पाणी किती प्यायचं हे डॉक्टरांना विचारून ठेवा. उन्हाळा म्हणून तांब्यावर तांब्या पाजणं हृदयाच्या रुग्णाला महागात पडतं आणि पाणी तोडणं मूत्रपिंडाला. सपाट रस्त्यावर पंधरा मिनिटं आरामात जमू लागलं की हुतात्मा बाग किंवा सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला न्या. बसायला जागा जवळ असेल असाच भाग निवडा.

आता एक वाद. निम्म्या घरांत "हलू देऊ नका, आराम हवा" आणि निम्म्यांत "उठा, चाला, आळस सोडा". दोन्हींचा त्रास रुग्णालाच. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत व्हेंटिलेटरवर असतानाच, झोपेचं औषध रोज थांबवून, हालचाल सुरू केलेल्या रुग्णांपैकी ५९ टक्के लोक डिस्चार्जच्या वेळी स्वतःचं स्वतः करू शकत होते. नेहमीच्या उपचारातले ३५ टक्के. म्हणजे नुसता आराम चुकीचा. पण २०२२ मध्ये ७५० रुग्णांवरच्या दुसऱ्या एका चाचणीत नेहमीपेक्षा जास्त जोर देऊन हालचाल करवली, तेव्हा वाढीव फायदा दिसला नाही. उलट ठोके बिघडणं, बीपी हलणं, ऑक्सिजन उतरणं असे प्रकार वाढले. ताकद मोजून केलेल्या, रोज थोड्या वाढणाऱ्या हालचालीने येते. रेटा देऊन ती लवकर येत नाही.

थकवा हे दुसरंच प्रकरण

पायात बळ यायला लागलं तरी थकवा मागे रेंगाळतो, कधी महिनोन्‌महिने. झोप घेऊनही तो जात नाही. याच्याशी वागायची रीत अशी: एक दिवस बरं वाटलं म्हणून सगळी कामं उरकायची नाहीत. बरं वाटलेल्या रविवारी पाहुणे, आंघोळ, केस कापणं, देवदर्शन सगळं झालं की बुधवारपर्यंत माणूस आडवा. जे केलं ते पचलं का, हे दुसऱ्या दिवशी सकाळी ठरतं. थकवा आदल्या दिवशीपेक्षा जास्त असेल तर त्या दिवशी निम्मंच करा, पण शून्यावर येऊ नका.

आंघोळ हे सर्वांत दमवणारं काम आहे, कुणाला खरं वाटत नाही. स्टुलावर बसून, पाणी कोमट, टॉवेल हाताशी. आंघोळ आणि व्यायाम लागोपाठ ठेवू नका, मध्ये तासभर जाऊ द्या. दाढी, कपडे घालणं, भाजी निवडणं हे सगळं बसून.

आणि भेटायला येणारे. आपल्याकडे भेटायला न गेलं तर राग, गेलं तर चहा होईपर्यंत बसायचं. रुग्णाने तीच कहाणी दहाव्यांदा सांगितली की त्याचा दिवसभराचा दम तिथेच संपतो. संध्याकाळी एकच वेळ ठरवा, एका वेळी दोघे, पंधरा मिनिटं. वाईटपणा घरातल्या एखाद्या खमक्या अक्कांनी घ्यावा.

ताटात काय

कच्चा माल मिळाल्याशिवाय व्यायामाने स्नायू तयार होत नाही. बरं होण्याच्या काळात साधारणपणे वजनाच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं धरतात. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असेल तर हा हिशोब लावू नका, डॉक्टरांचा आकडा धरा.

आपल्या घरच्या जेवणात हे बसतं. सकाळी पेलाभर दूध (८ ग्रॅम) आणि दोन अंडी (१२). दुपारी ज्वारीच्या दोन भाकऱ्या (१०), वाटीभर घट्ट वरण (६), वाटीभर दही (५). पाचच्या सुमारास मूठभर भाजके शेंगदाणे (७). रात्री एक भाकरी (५), वाटीभर मटकीची उसळ (७), ५० ग्रॅम पनीर (९). झोपताना पुन्हा दूध (८). बेरीज ७५ च्या पुढे जाते. अंडी चालत नसतील तर २५ ग्रॅम कोरडे सोयाबीनचे तुकडे भिजवून भाजीत घाला, १२-१३ ग्रॅम मिळतात. चिकन चालत असेल तर प्रश्नच नाही, रस्सा बेताचा तिखट ठेवा आणि फोडी खायला लावा. नुसता रस्सा पाजून प्रथिनं मिळत नाहीत.

भूक नसते तेव्हा तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा लहान. हुलग्याचं माडगं, ज्वारीच्या कण्या, शेंगाची आमटी घालून कुस्करलेली भाकरी हे पोटात सहज जातं. साबुदाण्याची खीर आजारी माणसाला देतात खरी, पण तिच्यात प्रथिन जवळपास नाही. जेवण कमी पडलं तर प्रोटीन पावडर पूरक म्हणून, तीही विचारून. जेवणाऐवजी नको.

घशात बरेच दिवस नळी असलेल्यांना गिळायला त्रास होऊ शकतो. पाणी पिताना ठसका, जेवल्यावर घोगरा ओला आवाज, घास गालात राहणं ही त्याची चिन्हं. अन्न श्वासनलिकेत गेलं तर पुन्हा न्यूमोनिया. अशा वेळी कडक भाकरी, कोरडी शेंगा चटणी, चिवडा, दाणे बंद. मऊ, एकजीव अन्न, ताठ बसवून, लहान घास, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. गिळण्याची तपासणी करून घ्या.

आता ती बाटली. साध्या सलाईनच्या ५०० मिलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. ग्लुकोजच्या पाच टक्क्यांच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे शंभराच्या आसपास कॅलरी. प्रथिन दोन्हींत शून्य. बाटली लागल्यावर तासभर तरतरी वाटते ती बहुधा पाणी आणि साखरेची. हृदय किंवा मूत्रपिंड नाजूक असेल तर त्याच पाण्याने पायांवर सूज आणि छातीत दम भरू शकतो. तेवढ्या पैशांत अंडी आणि दूध कितीतरी दिवस येतं.

मनाचं

आयसीयूत भास झालेले असतात. कुणाला भिंतीवर माणसं दिसलेली, कुणाला नर्स मारायला आल्यासारखं वाटलेलं. घरी आल्यावर तीच स्वप्नं. विसरभोळेपणा आणि चिडचिडही या आजाराचाच भाग आहे. "वेड लागलं" म्हणू नका. तिथे कोणत्या दिवशी काय झालं हे घरच्यांनी शांतपणे क्रमाने सांगितलं तर गोंधळ कमी होतो. उदासी टिकली, जगायला नको असं बोलणं आलं, तर डॉक्टरांना सांगा. टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. रात्रंदिवस जागणाऱ्या बायको-मुलांनाही तो क्रमांक चालतो.

लगेच १०८ बोलवा

बसल्या जागी दम, छातीत दुखणं, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, थंडी वाजून ताप येऊन माणूस गुंगीत जाणं, लघवी अगदी कमी होणं, अशक्तपणा दिवसागणिक वाढत जाणं. आयसीयूत घशात नळी होती अशांच्या श्वासाला काही आठवड्यांनी शिट्टीसारखा आवाज येऊ लागला तर वाट पाहू नका, श्वासनलिका आत अरुंद होत असू शकते. दोन-तीन महिन्यांनी केस मात्र मूठमूठ गळतात. घाबरायचं कारण नाही, ते परत येतात.

कामावर कधी

थोडे दिवस व्हेंटिलेटरवर राहिलेले बरेच जण काही आठवड्यांत सावरतात. नसा जास्त दुखावलेल्यांना वर्ष लागतं, काहींना त्याहून जास्त. फुप्फुसं गंभीर निकामी होऊन वाचलेल्यांच्या २००३ मधल्या एका पाहणीत वर्षभराने साधारण निम्मेच कामावर परतले होते, आणि ते वयाने म्हातारे नव्हते. तेव्हा तीन महिन्यांत माग चालवायला उभं राहिलंच पाहिजे असा हट्ट धरू नका.

काम कोणतं यावर तयारी ठरते. यंत्रमागावर तासन्‌तास उभं राहायचं असेल तर आधी घरी अर्धा तास सलग उभं राहून हलकं काम जमलं पाहिजे. विडी वळणाऱ्या बाईला दोन गोष्टी लागतात, जमिनीवरून उठणं आणि बोटांची पकड. जमिनीवरून उठण्याचा सराव कॉटला धरून, एक गुडघा टेकवून करायचा, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीत. बोटांसाठी कणकेचा गोळा मळणं, कपड्यांचे चिमटे लावणं. उभी गाडी स्टँडवरून काढता-लावता येईपर्यंत दुचाकी चालवायला नको, आणि झोपेची गोळी चालू असेपर्यंत तर नकोच.

डॉक्टरांकडून फिटनेसचं पत्र घेताना त्यात "हलकं काम, अर्धा वेळ" असं स्पष्ट लिहून घ्या आणि किती आठवड्यांसाठी तेही. राज्य कामगार विम्यात नाव असेल तर पात्रतेनुसार आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतात. त्यासाठी विमा दवाखान्याचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून रुग्ण आयसीयूत असतानाच घरातल्या कुणीतरी त्याची चौकशी सुरू करावी.